मग पोरगा काय करते?

तुमसरकडून बपेऱ्यात शिरलं की डाव्या हाताला तुलारामचं कौलारू घर लागतं. कौलांच्या मागे स्लॅबची एक खोली आहे. घराहून ती तरुण, आणि घराशी मुळीच न जुळणारी, म्हाताऱ्या बैलाशेजारी गोऱ्हा जुंपावा तशी. या खोलीला गावात 'कंपनी' म्हणतात. दारात सूप घेऊन बसलेल्या तुलारामच्या बायकोला, पुष्पाबाईला, कुणी विचारलं, "धनंजय कोठी हाय वं?" तर ती मान न उचलता सांगते, "कंपनीत हाय." आणि धनंजय असतो हाकेच्या अंतरावर, त्या खोलीतल्या खिडकीशी. त्याचं टेबल खिडकीला चिकटवून ठेवलेलं आहे, कारण फोनला नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या टॉवरची रेंज तिथेच नीट मिळते. खिडकीतून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दिसतात, बांध्यांपलीकडे मोहाची झाडं, आणि झाडांच्याही पलीकडे दुसरं राज्य.

तुलारामचा हा एकुलता मुलगा. शिक्षण म्हणाल तर तुमसरच्या कॉलेजात बारावी, आणि पुढे अर्धवट सोडलेली बी.एस्सी. कॉलेज सुटलं तेव्हा तो तिथल्याच एका राइस मिलमध्ये काट्यावर बसू लागला. धानाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, हा वजन टिपायचा आणि पावती फाडायचा. काट्याला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला होता. तो बंद पडला की नागपूरहून एक माणूस यायचा, चहा प्यायचा, काहीतरी बडवायचा आणि परत जायचा. एका हंगामात त्या माणसाचा पत्ताच लागेना. ट्रकांची रांग पार रस्त्यावर गेली. शेठ ओरडत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, आणि धनंजय त्या काळ्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचत बसला होता. दिवस कलायच्या आत काटा सुरू झाला. तो कसा झाला हे तेव्हा त्यालाही सांगता आलं नसतं. मात्र त्या दिवसानंतर तो ती अक्षरं वाचायचा थांबला नाही.

त्याला कुणी शिकवलं नाही. तो पाहत गेला, मोडत गेला आणि पुन्हा जोडत गेला. मिलसाठी त्याने नवा प्रोग्राम लिहिला. तो पाहून दुसऱ्या मिलने बोलावलं, मग नागपूरच्या एका कंपनीने नोकरी दिली. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी आले तसा तोही आला. नंतर सगळे परत गेले, हा मात्र राहिला, आणि कंपनीचीही हरकत नव्हती. दुकानांच्या बिलांचे आणि गोदामांच्या हिशेबाचे प्रोग्राम तो बपेऱ्यात बसून लिहायचा.

त्याची लिहायची रीतही निराळी. टेबलाशी तो थोडाच वेळ बसायचा. खरा प्रोग्राम जुळायचा तो शेतात, धुऱ्यावरून चालताना. दोन बांध्यांमधल्या त्या अरुंद मातीच्या वाटेवर पाय सांभाळून टाकावा लागतो, आणि पायांचं लक्ष तिथे गुंतलं की डोकं मोकळं होतं, असं तो म्हणायचा. ओठ हलत असायचे, बोटं हवेत काही मोजत असायची. बांधीत रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून म्हणायच्या, "पाहा वं, तुलारामचा पोरगा मंतर मारून राहिला." कधी एखादी खोडकर बाई ओरडायची, "आमच्या बांधीवर नोको मारू गा, धान पोचट होईन!" तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. कंपनीत आल्यावर फक्त उतरवून काढायचं काम उरायचं. जमलेल्या प्रोग्रामचा आनंद तो कुणाला सांगू शकला नाही. अख्ख्या गावात तो कळणारं कुणी नव्हतं. पण त्या आनंदावर त्याचं वय चांगलं तिशीपार गेलं.

लग्नाचं मात्र राहून गेलं होतं. ताराबाई ही पुष्पाबाईची धाकटी बहीण, साकोलीकडच्या एका तलावाच्या गावात दिलेली. तिने तिच्याच गावातली मुलगी सुचवली. अंजू साकोलीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि रोज स्कूटीने ये-जा करायची. बाप लक्ष्मणराव मोठा शेतकरी नव्हता, पण त्याच्याकडे धान चुरायचा, म्हणजे मळायचा, थ्रेशर होता आणि हंगामात आजूबाजूच्या गावांना त्याची गरज पडायची. दसऱ्याला दोघांनी एकमेकांना पाहिलं. मग फोन सुरू झाले. अंजू कमी बोलायची आणि सरळ विचारायची.

"तुमी दिवसभर कायले बसून राहता त्या खोलीत?"

"चुका शोधतो."

"कोणाच्या?"

"माह्याच."

ती खूप हसली होती. धनंजयला ते हसणं आवडलं. धुऱ्यावर चालताना आता मधेच त्याचा प्रोग्राम तुटायचा, तिथे ते हसणं यायचं, आणि त्याचं त्याला वाईट वाटायचं नाही. आता उरलं होतं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरणं. त्यासाठी लक्ष्मणराव मंडईला येणार होता.

बाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा गावाचा मोठा दिवस. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, शिंगाडे आणि ऊस विकायला येतात, दंडार नाचते, रात्री नाटक होतं, आणि घराघरात पाहुणे भरतात. सोयरिकीच्या गोष्टी याच दिवशी पक्क्या होतात. मुलीकडचा माणूस सोयरीक जुळवायला आलोय असं कधी सांगत नाही. तो मंडई पाहायला येतो. जेवतो, हिंडतो, पानठेल्यावर उभा राहून सहज दोन गोष्टी विचारतो आणि जाताना तारखेचं बोलतो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ती बातमी आली.

हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलं होतं. धनंजय बापाबरोबर शेतात होता. दुपारी भाकरी खायला बसले तेव्हा फोन सारखा थरथरू लागला. नागपूरच्या सोबत्यांनी एकच व्हिडिओ दहा ठिकाणांहून पाठवला होता. परदेशात कुठे तरी एका झगमगत्या मंचावर काळा सदरा घातलेला माणूस उभा होता. त्याच्या कंपनीने प्रोग्राम बनवायचा नवा प्लॅटफॉर्म काढला होता. लिहायचं काही नाही, नुसतं बोलायचं. आपल्याला काय पाहिजे ते आपल्या भाषेत सांगायचं, तो उलट प्रश्न विचारणार, प्रोग्राम लिहिणार, चालवून पाहणार, चुकला तर स्वतःच दुरुस्त करणार. ज्या भाषांत तो बोलतो त्यांची नावं पडद्यावर सरकली, त्यांत मराठीही होती. समोरची माणसं उठून टाळ्या वाजवत होती.

धनंजयने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून तो थांबला. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं काहीसं झालं होतं. कांद्याची फोड हातात होती. ती त्याने खाल्ली.

"काय गा, कंपनीचा फोन?" तुलारामने विचारलं.

"हो. नवीन मशीन निंगाली एक."

"आपल्याले घ्याची का?"

"नाही. ते सगळ्यांसाठीच हाय."

"बेस झालं मंग," तुलाराम म्हणाला आणि विळा घेऊन उठला.

गावाला ती बातमी त्याच संध्याकाळी कळली. प्लॅटफॉर्मचं इंग्रजी नाव कुणालाच नीट घेता येईना, तेव्हा पानठेल्यावर त्याचं नाव पडलं 'बोलता कंपुटर'. आणि गाव नुसतं खूश झालं. कवडू पानठेलेवाल्याने त्याच्यासमोर बसून गिऱ्हाइकांच्या उधारीची आठवण करून देणारं काहीतरी बनवलं. ते रोज सकाळी गोड आवाजात गिऱ्हाइकाचं नाव घेऊन "राम राम" म्हणायचं आणि मग उधारी सांगायचं. लोक चिडले, पण हसलेही. अंगणवाडीच्या वच्छलाबाईने लेकरांच्या वजनांचं काही करून घेतलं आणि दारोदार दाखवत हिंडली. दर वर्षी दंडारीच्या तालमीला कोण आलं, कोण नाही, यावर भांडणं व्हायची. तेही आता त्याच्याकडे सोपवलं गेलं. कुणाच्याही मनात धनंजयविषयी वाईट नव्हतं. उलट ज्याने त्याने आपलं बनवलेलं आधी त्यालाच आणून दाखवलं, घरी ठोकलेला पाळणा आधी सुताराला दाखवतात तसं.

"पाहा धनुभाऊ, जमलं का?" कवडू म्हणाला.

"जमलं."

"तुमाले लागले असते ना चार दिवस?"

"आठ."

"आता तुमी कापणीले चला आमच्यासंग. बायाबी म्हणून राहिल्या, मंतरवाला रिकामा झाला." ठेल्यावर सगळे हसले. धनंजयही हसला. हसणं बरोबर जागेवर आलं होतं, तेवढं त्याने पाहिलं.

नागपूरच्या कंपनीने फार सभ्य भाषेत कळवलं की दिवाळीनंतर नवं काम येईल तेव्हा सांगू. कुणी रागावलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. तो सकाळी खोलीत जाऊन बसायचा, खिडकीतून उशिरा पिकणाऱ्या भारी धानाचा पिवळा होत चाललेला रंग पाहायचा आणि जेवायच्या वेळी बाहेर यायचा. अंजूचा फोन आला तर बोलायचा. तिने विचारलं, "ते नवीन आलं म्हणतात, त्याचं तुमच्या कामाले काही होईन का?" तो म्हणाला, "पाहू." तिने मग दवाखान्यातली दुसरीच गोष्ट काढली.

मंडईचा दिवस उजाडला. पुष्पाबाईने पहाटेच लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला घेतले. लक्ष्मणराव आला तो पांढरा शर्ट आणि गळ्यात गमछा घालून, ताराबाईला सोबत घेऊन. उंच, सावकाश बोलणारा माणूस. जेवण झालं, दुकानं पाहून झाली, ठेल्यावर उभं राहून झालं. उन्हं उतरताना तो अंगणात खाटेवर येऊन बसला. शेजारपाजारचे चार लोक आपसूक गोळा झाले, कवडूही पानं घेऊन आला.

मंडईला आलेल्या सोयऱ्याला घर नुसतं जेवू घालत नाही, घर त्याला आपलं चांगलं ते दाखवतं. बैलजोडी असेल तर गोठ्यात नेतात. विहिरीवर नवी मोटर बसवली असेल तर बटन दाबून पाणी पाडून दाखवतात. नाही दाखवलं तर सोयरा समजतो, दाखवायला काही नाही. तुलारामने बैल कधीच विकले होते. दाखवण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

लक्ष्मणरावनेच विषय काढला. "तो बोलता कंपुटर म्हणतात, खरा हाय का जी?"

"खरा म्हणजे?" तुलाराम खाटेवर सरसावून बसला. "आमच्या धनूले येते ना तो! कंपुटरचं कोणतंबी नवीन निंगू द्या, त्याले येत नाही असं नाही. जाय गा धनू, आण तुहा तो डब्बा. पावन्यायले दाखव."

धनंजय उंबऱ्याशी उभा होता. बाप काय दाखवायला सांगतोय ते त्या अंगणात त्याला एकट्यालाच कळत होतं. रेंज नाही म्हणता आलं असतं. लाइट नाही म्हणता आलं असतं, ते तर निम्म्या वेळा खरंही असतं. बापाचा चेहरा मात्र त्याच्याकडे लागला होता, आणि तो चेहरा फुललेला होता. तो आत गेला, नेटसाठी फोन खिडकीतच ठेवला आणि लॅपटॉप घेऊन आला.

"काय बनवाचं?" त्याने विचारलं.

"मीच सांगू का?" लक्ष्मणराव म्हणाला.

"सांगा ना. तुमीच बोला त्याच्याशी."

लक्ष्मणरावने गमछा सारखा केला आणि लॅपटॉपशी बोलायला सुरुवात केली, समोर कुणी तालेवार पाहुणा बसल्यासारखं. "माहा थ्रेशर हाय जी. हंगामात रोज लोकायचे फोन येतात, माहा नंबर कवा, माहा नंबर कवा. एकाले सांगा तं दुसरा रुसते. कोणाचं धान कवा चुराचं ते सगळ्यायले आपोआप मालूम झालं पायजे."

लॅपटॉप मराठीत बोलला. एका शेतकऱ्याचं धान चुरायला साधारण किती वेळ लागतो, असं त्याने विचारलं.

"ते ओलाव्यावर हाय जी," लक्ष्मणराव हात जोडल्यासारखे करून म्हणाला. अंगण खदखदून हसलं. लॅपटॉपने दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. पाऊस आला तर पाळ्या पुढे सरकवायच्या का? एका गावातल्या पाळ्या एकत्र घ्यायच्या का? लक्ष्मणराव विचार करून उत्तरं देत गेला. कवडूने लावलेलं पान अजून तोंडात विरघळलं नव्हतं, तोवर पडद्यावर पाळ्यांचा तक्ता उभा राहिला. ताराबाईचं नाव आणि नंबर घालून पाहिला, तर तिच्या फोनवर निरोप वाजला. ती दचकून उठलीच.

"वा रे वा!" कवडूने टाळी वाजवली. तुलाराम तर उभाच राहिला. त्याचे डोळे ओले झाले होते. "पाहा! पाहा पावने, आमच्या पोराचं काम!"

लक्ष्मणराव हसत होता. पडद्याकडे पाहून त्याने मान डोलावली. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं, चढाला लागलेली बैलबंडी आपसूक थांबते तसं. तो म्हणाला, "पन जी, हे तं मीच सांगतलं, अन् त्यानं केलं." तो धनंजयकडे वळला, मग परत तुलारामकडे. "मंग पोरगा काय करते?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विहीर किती खोल आहे असं विचारावं, तसं त्याने विचारलं होतं.

सगळे धनंजयकडे पाहू लागले. उत्तरं नव्हती असं नाही. या यंत्राने केलेलं तपासायला माणूस लागतो, मोठ्या कामांना तर लागतोच, असं सांगता आलं असतं. आत्ता जे पाहिलंत तसलं काम मी इतकी वर्षं धुऱ्यावर चालत चालत केलं, असंही सांगता आलं असतं. ती सगळी उत्तरं त्याला दिसत होती, पाण्याखाली गोटे दिसतात तशी, पण हात घालावासा वाटत नव्हता. तो उभा राहिला, आणि उभाच राहिला.

"चाहा ठेवू का?" पुष्पाबाईने दारातून विचारलं.

"नाही जी," लक्ष्मणराव उठला. "बसचा टाइम झाला. निरोप धाडतो." तारखेचं तो काही बोलला नाही.

निरोप ताराबाईच्या फोनवरून आला. "थांबू म्हणतात ते. बाई, थांबू म्हणजे काय ते तुले समजते." पुष्पाबाईला समजलं. साक्षगंधासाठी तुमसरहून आणलेलं पातळ तिने घडी न मोडता पेटीच्या तळाशी घातलं. तुलाराम दोन दिवस कापणीत गुंतला. तिसऱ्या दिवशी भाऱ्याला दोरी बांधताना म्हणाला, "मी दाखव म्हणलो, त्याच्यानं झालं का गा?"

"नाही बाबा."

"मशीन तं चांगलीच चालली होती."

"चांगलीच चालली."

तुलारामने गाठ आवळली. त्याला अजून काहीतरी विचारायचं होतं, पण ते काय हे त्यालाच सापडेना.

अंजूचा फोन दुपारी आला. दवाखान्यातली तिची जेवायची सुट्टी होती. धनंजय कापलेल्या बांधीच्या धुऱ्यावर बसला होता.

"बाबानं सांगतलं तुमाले?" ती म्हणाली.

"मावशीनं सांगतलं."

"तुमाले वाटत असन, मशीन आली म्हणून बाबा माघारले. तसं नाही. बाबा म्हणते, काम आज हाय, उद्या नाही, थ्रेशरबी एक दिवस बंद पडनच. पन पोराले त्याच्याच आंगणात विचारलं, तं त्याच्या तोंडातून शब्द नाही निंगाला. असा माणूस पोरीले काय सांगन, काय विचारन, असं म्हणते."

"खरं हाय."

"खरं हाय म्हणून नोका थांबू. काहून नाही बोलले तुमी?"

धनंजयने समोर पाहिलं. कापलेल्या धानाची खुंटं ओळीने उभी होती. "अंजू, मले काही वाटूनच नाही राहिलं. त्या दिवशीपासून. राग नाही, भेव नाही. हे सोयरिकीचं झालं, त्याचंबी नाही. मले वाटाले पायजे, हे समजते. पन वाटत नाही."

पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते. कुणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात उंचावरून पडलेला पेशंट आला अन् म्हणाला, मले कोठीच दुखत नाही, तं त्याले आमी घरी नाही सोडत. बाकीच्यायच्या आधी त्याले पाहतो." मग म्हणाली, "या अन् बाबाले हेच सांगा. दुसरं काही जुळवून नोका सांगू."

"येतो," तो म्हणाला. त्याने का म्हटलं ते त्यालाही कळलं नाही. कुणी तुमसरला चल म्हटलं असतं तरी तो येतोच म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी तुमसरला आणि भंडाऱ्याला बस बदलत तो साकोलीला उतरला आणि दुपार कलताना त्या तलावाच्या गावी पोचला. लक्ष्मणराव घरी नव्हता. गावाबाहेर एका शेतात त्याचा थ्रेशर चालू होता. ट्रॅक्टरचा धूर, उडणारी वाळल्या पेंढ्याची तणीस आणि सोनेरी धूळ यांतून माणसं धूसर दिसत होती. लक्ष्मणराव यंत्राच्या तोंडाशी उभा होता. धनंजयला पाहून त्याने भुवया उंचावल्या.

"तुमी विचारलं होतं, मी काय करतो म्हणून," धनंजय म्हणाला.

"आँ?" लक्ष्मणरावने कानावर हात धरला.

"तुमी विचारलं होतं!" तो ओरडला. "तवा बोललो नाही! आता सांगाले आलो!"

"सांगा!"

"मी प्रोग्राम लिहीत होतो! आता काय करीन, मले मालूम नाही! अन् मले त्याचं काही वाटूनच नाही राहिलं!"

शेवटचं वाक्य म्हणताना ट्रॅक्टरने नेमका दम घेतला आणि ते साऱ्या शेतात ऐकू गेलं. पेंढ्या उचलणाऱ्यांतला डोमा, पांढऱ्या मिशांचा गडी, पेंढ्यांच्या उंच रचलेल्या पुंजण्यावरून ओरडला, "मलेबी नाही वाटत गा! लग्न झालं तवापासून!"

सगळं शेत हसलं. लक्ष्मणराव हसला नाही. त्याने धनंजयकडे बराच वेळ पाहिलं, मंडईत पाहिलं नव्हतं तसं. मग म्हणाला, "एक माणूस कमी हाय आज. ये अथी. डोमा, पेंढ्या दे याच्या हातात. बाही वर कर, नाहीतर पट्ट्यात जाईन."

धनंजयने बाही वर केली. डोमा पुंजण्यावरून पेंढी टाकायचा, हा ती सोडवून यंत्राच्या तोंडाशी सरकवायचा. एक गेली की दुसरी. बोलायला जागा नव्हती. धूळ नाकात गेली, कुसं गळ्यात शिरली, खांदे भरून आले. मधेच लक्ष्मणरावचा फोन वाजला, पाळ्यांच्या त्या प्रोग्रामचा निरोप होता. "काम देते हे," तो धनंजयला म्हणाला. इतकंच. धनंजयने मान हलवली. पुंजणा संपला तेव्हा सूर्य तलावाच्या बांधामागे गेला होता.

"मावशीकडे मुक्काम हाय ना?" लक्ष्मणराव यंत्र बंद करता करता म्हणाला. "उद्या दुसऱ्या शेतात हाय. सकाळी ये." आणि तो ट्रॅक्टरवर चढून निघून गेला.

जेवायला निघालेल्या गड्यांमागून धनंजय लक्ष्मणरावच्या घराकडे चालला असताना अंजूची स्कूटी मागून आली. ती अजून दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांत होती. केसांत तणीस, भुवयांवर धूळ, अशा त्या माणसाला तिने आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा तिने ब्रेक दाबला.

"बाबानं कामाले लावलं तुमाले?"

"हो."

अंजूने स्कूटी बंद केली. आमच्याकडे सोयऱ्याला कुणी कामाला हात लावू देत नाही. होणाऱ्या जावयाला तर पाण्याचा लोटाही उचलू देत नाहीत. कामाला लावतात ते रोजाच्या गड्याला, नाहीतर घरच्या पोराला. लक्ष्मणरावसारख्या रीत पाळणाऱ्या माणसाकडून हे विसरून झालेलं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"याचा अर्थ काय होते?" धनंजयने विचारलं.

"मलेबी नाही समजून राहिलं. बाबाले विचारलं तं ते सांगणार नाही." तिने स्कूटी उतरून हातात धरली आणि त्याच्या बाजूने चालू लागली. "उद्या बोलावलं का?"

"बोलावलं."

"जासान?"

"जाईन."

घराच्या अंगणात हौदाशी गड्यांची गर्दी होती. आतून भाताचा वास येत होता. "हात धुवा," अंजू म्हणाली, "मी वाढते," आणि आत गेली.

धनंजय डोमाच्या मागे उभा राहिला. पाळी आली तेव्हा त्याने कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि तसेच राहू दिले. पाणी थंड असावं. आजूबाजूचे सगळे हात झटकून तोंडाने वाफा सोडत होते.